चार पुस्तकं, चार प्रश्न: अलीकडचं माझं वाचन आणि तुमचा धंदा



"सर, धंद्यासाठी कोणतं पुस्तक वाचू?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत वाचलेल्या पुस्तकांवर एक व्हिडिओ केला. पण व्हिडिओत वेळ कमी पडतो आणि आकडेमोड तर नीट दाखवताच येत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये थोडा हिशोब आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. ही काही "जगातली सर्वोत्तम पुस्तकं" वगैरे यादी नाही. ही चार पुस्तकं मला भिडली, कारण प्रत्येकाने असा एक प्रश्न विचारला जो आपण छोटे धंदेवाले स्वतःला विचारायचं टाळतो. टाळतो, कारण उत्तर कदाचित आवडणार नाही. आणि आपल्या धंद्यात लागलेला पैसा बहुतेक वेळा बँकेचा नसतोच. तो आईच्या पाटल्या गहाण ठेवून आलेला असतो, वडिलांच्या फंडातला असतो, नाहीतर नोकरी करून दहा वर्षांत साठवलेला असतो. असा पैसा एकदा बुडाला की दुसऱ्यांदा उभा राहत नाही. त्यामुळे प्रश्न लवकर विचारलेला बरा.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ, म्हणजे समजायला सोपं जाईल. समजा, चाकणच्या एमआयडीसीजवळ तुम्हाला जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय करायचा आहे. आजूबाजूला कारखान्यात काम करणारी, खोली घेऊन राहणारी मुलं भरपूर आहेत. तुमच्या हाताला चव आहे. आता पुढे?

पहिला प्रश्न: लोक खरं बोलतायत की तुमचं मन राखतायत?

पुस्तक: 'द मॉम टेस्ट', लेखक रॉब फिट्झपॅट्रिक, २०१३.

छोटंसं पुस्तक आहे, दोन-तीन बैठकीत संपतं. नावातच गंमत आहे. तुमच्या धंद्याची कल्पना आईला सांगितली तर आई काय म्हणेल? "छान आहे रे बाळा." कारण तिला तुम्ही आवडता. फिट्झपॅट्रिकचं म्हणणं असं की चूक आईची नाही, चूक प्रश्नाची आहे. प्रश्न असा विचारा की आईलासुद्धा खोटं बोलता येणार नाही.

मला हे पुस्तक भिडलं ते आपल्या स्वभावामुळे. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जमतच नाही. "घरगुती डबा सुरू करतोय, घ्याल का?" असं दहा जणांना विचारा. दहाही जण "हो, नक्की!" म्हणतील. त्यातले आठ जण पहिल्या तारखेला फोन उचलणार नाहीत. ते खोटारडे नाहीत हो, फक्त सभ्य आहेत.

मग विचारायचं काय? पुस्तकातले तीन नियम मी माझ्या भाषेत सांगतो. तुमच्या कल्पनेबद्दल बोलू नका, त्यांच्या आयुष्याबद्दल बोला. पुढे काय कराल ते विचारू नका, मागे काय केलंत ते विचारा. आणि स्वतः कमी बोला, जास्त ऐका.

डब्याच्या बाबतीत प्रश्न असे होतील:

- काल दुपारी कुठे जेवलात? किती पैसे दिले?
- याआधी कधी डबा लावला होता का? किती दिवस चालला?
- बंद का केला?
- त्यानंतर दुसरा डबा शोधलात का? कसा शोधलात?

तिसऱ्या प्रश्नात सोनं आहे. कोणी सांगेल, आठवड्यातून तीनदा बटाटाच असायचा. कोणी सांगेल, शनिवार-रविवार गावी जातो, तरी पूर्ण महिन्याचे पैसे घ्यायचे. कोणी सांगेल, शिफ्ट बदलली की डबा चुकीच्या वेळी यायचा. बघा, "चव चांगली पाहिजे" हे यातल्या एकानेही म्हटलं नाही! आणि तुम्ही तर चवीच्या जोरावर धंदा सुरू करायला निघाला होता. आता तुमच्याकडे खरी माहिती आली. महिन्याच्या ठोक रकमेऐवजी कूपन द्या, शिफ्टप्रमाणे दोन वेळा ठेवा. हा तुमचा आणि शेजारच्या डबेवाल्याचा फरक.

आणि शेवटची चाचणी. कौतुक मोजू नका, बांधिलकी मोजा. समोरच्याने वेळ दिला, चार मित्रांशी ओळख करून दिली किंवा पैसे दिले, तर खरं. आठ दिवसांचे पैसे आगाऊ मागून बघा. जो देतो तो ग्राहक. जो "बघू, सांगतो" म्हणतो तो मित्र आहे, त्याला चहा पाजा आणि पुढे चला.

दुसरा प्रश्न: ग्राहकाला गरज नाही की भीती वाटतेय?

पुस्तक: 'यांत्रिकाची यात्रा', लेखक शं. वा. किर्लोस्कर.

हे आपल्या मराठी उद्योजकतेचं मूळ पुस्तक म्हणायला हरकत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं हे चरित्र. जुन्या वळणाची मराठी आहे, पण अडखळायला होत नाही.

लक्ष्मणरावांची गोष्ट थोडक्यात अशी. जन्म १८६९ चा. मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवायचे. बढतीत डावललं गेलं, तशी नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे सायकलचं दुकान होतं, भावाची साथ होती. मग कडबा कापायची यंत्रं केली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला.

आता नांगर चांगला होता. तरी विकला जाईना! लोखंडाने जमिनीत विष पसरतं, पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला जवळजवळ दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि तोच नांगर गावोगाव पोचला.

इथे तुम्ही म्हणाल, "सर, आधीचं पुस्तक म्हणतं ग्राहकाचं ऐका. इथे तर ग्राहक नाही म्हणत होता आणि लक्ष्मणराव मागे हटले नाहीत. कोणाचं खरं?"

याच प्रश्नामुळे ही दोन पुस्तकं एकत्र वाचायला मजा आली. माझं उत्तर असं आहे. शेतकरी नांगरणीला नाही म्हणत नव्हता. नांगरणी तो दरवर्षी करतच होता, त्यासाठी बैल राबवत होता, दिवस घालवत होता. म्हणजे गरज होती आणि त्या गरजेवर तो खर्चही करत होता. नकार फक्त लोखंडाला होता, आणि त्या नकारामागे भीती होती. गरज नसेल तर धंदा बदलायचा. गरज असेल आणि भीती असेल, तर भीती घालवायची. दोन्ही नकार ऐकायला सारखेच वाटतात, पण औषध वेगळं.

डब्यात याचं रूप काय? समजा तुम्हाला ज्वारीच्या भाकरीचा डबा द्यायचा आहे. लोक म्हणतात, "नको." नुसता 'नको' ऐकून परत येऊ नका. भाकरी खातच नाही म्हणतो, की डब्यात ती गार होऊन कडक होईल म्हणून घाबरतो? पहिला तुमचा ग्राहक नाही. दुसऱ्याला आठवड्यातून एक दिवस, पोळीसोबत एक भाकरी फडक्यात गुंडाळून द्या. वेगळे पैसे घेऊ नका. महिन्याभरात तोच विचारेल.

अजून एक बारकावा, जो या गोष्टीतून लोक शिकत नाहीत. सगळे 'जिद्द' शिकतात. पण नांगराच्या आधी लक्ष्मणरावांच्या हाताशी सायकलचा धंदा होता, कडबा कापायची यंत्रं होती. एकदम रिकाम्या हाताने त्यांनी नांगर धरला नव्हता. लोकांना नवी वाटणारी वस्तू विकायची असेल, तर ती पटेपर्यंत घर कशावर चालणार, हे आधी कागदावर लिहा. नुसत्या जिद्दीवर किराणा येत नाही.

तिसरा प्रश्न: विक्री झाली, मग पैसा गेला कुठे?

पुस्तक: 'प्रॉफिट फर्स्ट', लेखक माइक मायकेलोविच, २०१४.

आपण शाळेत शिकलो: विक्रीतून खर्च वजा केला की नफा. मायकेलोविच म्हणतो, हे गणित बरोबर आहे पण माणसाच्या स्वभावाला धरून नाही. शेवटी जे उरेल तो नफा म्हटलं की शेवटी काही उरतच नाही. पैसा समोर असला की खर्च वाढतो. म्हणून त्याने सूत्र फिरवलं: विक्रीतून आधी नफा बाजूला काढा, उरेल त्यात खर्च बसवा.

आपला डब्याचा हिशोब करू. तुमचे ४० डबे झाले. महिन्याला प्रत्येकी २,८०० रुपये. विक्री १,१२,००० रुपये. "महिन्याला लाखाचा धंदा!" असं नातेवाइकांत सांगता येतं. पण आता पुढे बघा:

- किराणा, भाजी, तेल, गॅस: ५८,०००
- स्वयंपाकाला मदतनीस ताई: १६,०००
- डबे पोचवणारा मुलगा: १२,०००
- पेट्रोल, पॅकिंग, फोन, किरकोळ: ६,०००

एकूण खर्च ९२,०००. उरले २०,०००. हे कागदावर. प्रत्यक्षात चौघांनी "पुढच्या महिन्यात एकदम देतो" म्हटलंय. ४ × २,८०० म्हणजे ११,२०० रुपये उधारीत. हातात राहिले ८,८००. आणि घरचा तांदूळ-डाळही त्याच पोत्यातून निघतोय, त्याची नोंद कुठेच नाही.

पुस्तकातली एक गोष्ट इथे फार कामाची आहे. टक्केवारी पूर्ण विक्रीवर काढायची नाही, कच्चा माल वजा करून जे राहतं त्यावर काढायची. म्हणजे १,१२,००० वजा ५८,०००, बरोबर ५४,०००. तुमचा खरा धंदा चोपन्न हजारांचा आहे, लाखाचा नाही. हा आकडा एकदा डोक्यात बसला की कर्ज काढून मोठा फ्रीज घ्यायची घाई होत नाही.

सुरुवात फक्त १ टक्क्याने करा. ५४,००० चा १ टक्का म्हणजे ५४० रुपये. हसू येईल, पण रक्कम महत्त्वाची नाही, क्रम महत्त्वाचा आहे. त्यानंतर तुमचा पगार ठरवा, समजा १५,०००. आता दिसेल की उधारीमुळे पगाराला ८,२६० रुपयेच शिल्लक आहेत. ६,७४० रुपये कमी पडतायत. म्हणजे तुमचा जवळजवळ अर्धा पगार त्या चार जणांच्या खिशात आहे! हे दिसलं की आगाऊ पैसे मागायची लाज आपोआप कमी होते.

आता पुस्तकाशी माझं जिथे पटत नाही ते सांगतो. त्यात लहान धंद्यांसाठी लक्ष्य म्हणून टक्केवारीचा तक्ता दिलाय: नफा ५, मालकाचा पगार ५०, कर १५, खर्च ३०. हा तक्ता अमेरिकेतल्या धंद्यांसाठी आहे. आपल्या उदाहरणात मजुरी आणि इतर खर्चच ३४,००० आहे, म्हणजे ५४,००० च्या ६३ टक्के. तिथे ३० चा आग्रह धरला तर मदतनीस ताईंना घरी बसवावं लागेल आणि तुम्ही आजारी पडाल. तक्ता डोळे झाकून उतरवू नका. दर तीन महिन्यांनी खर्चाचा एखादा टक्का कमी करता येतो का, एवढंच बघा.

दुसरं, पुस्तक पाच बँक खाती सांगतं. आपल्याकडे किमान शिलकीची अट असते, पाच खाती परवडत नाहीत. पण आपल्याकडे याच विचाराची जुनी पद्धत आहे: पिग्मी! पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली ती सुरू केली. दारात माणूस यायचा, रोजचे दोन-चार आणे घेऊन जायचा. पैसा हातात राहिला की खर्च होतो, म्हणून तो हातातून आधीच काढून घ्यायचा. 'प्रॉफिट फर्स्ट' दुसरं काय सांगतं? तुमच्या भाजीवाल्या मावशींना हे पुस्तक न वाचता माहीत आहे.

फक्त एक काळजी घ्या. पिग्मी लावताना ती बँक आहे की पतसंस्था, हे विचारा. बँकेतल्या, अगदी सहकारी बँकेतल्याही, ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नसतं. आणि ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी पहिल्याच दिवशी वेगळा ठेवा. तो तुमचा पैसा नाहीच, तुम्ही फक्त पोस्टमन आहात.

चौथा प्रश्न: तुम्ही आठ दिवस अंथरुणाला खिळलात तर काय होईल?

पुस्तक: 'द ई-मिथ रिव्हिजिटेड', लेखक मायकेल गर्बर, १९९५.

यात सारा नावाची एक बाई आहे. तिला पाय, म्हणजे तिकडचा गोड भरलेला भाजलेला पदार्थ, अप्रतिम करता येतो. म्हणून ती दुकान काढते. काही वर्षांत तिला त्याच पदार्थाचा वीट येतो, कारण पहाटेपासून रात्रीपर्यंत ती एकटीच राबत असते. गर्बर म्हणतो, एखादं काम उत्तम येतं म्हणून त्या कामाचा धंदाही उत्तम करता येईल, ही मोठी गैरसमजूत आहे. मालकाच्या अंगात तीन माणसं हवीत: कारागीर, व्यवस्थापक आणि उद्योजक. आपल्यात बहुतेकदा एकटा कारागीर राबत असतो, बाकी दोघं झोपलेले.

आपल्या डब्याकडे परत या. वर २०,००० उरले होते ना? तुम्ही रोज ११ तास, महिन्याला २६ दिवस काम केलंत. २८६ तास. म्हणजे ताशी ७० रुपये. मदतनीस ताई रोज ६ तास येतात, १५६ तासांचे १६,०००. त्यांना ताशी शंभराच्या वर मिळतात. त्यांना जास्त मिळतंय असं अजिबात नाही, त्यांच्या कष्टाचं तेवढं मोल आहेच. प्रश्न असा की तुम्ही धंद्याचे मालक आहात की त्या धंद्यातले सगळ्यात स्वस्त कामगार?

आणि आता मुख्य भीती. तुम्हाला डेंग्यू झाला. आठ दिवस उठता येत नाही. मीठ किती, कोणाचा डबा बिनकांद्याचा, कोण कोणत्या शिफ्टला, कोणाचे पैसे यायचे, हे सगळं फक्त तुमच्या डोक्यात. नवव्या दिवशी ४० पैकी किती डबे उरतील?

मुंबईचे डबेवाले बघा. डब्यावर रंग, आकडे आणि अक्षरांची खूण असते. कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर, हे डबाच सांगतो. एक माणूस सुट्टीवर गेला तरी दुसरा खूण वाचून डबा पोचवतो. व्यवस्था माणसाच्या डोक्यातून काढून डब्याच्या झाकणावर लिहिली, एवढीच ती युक्ती!

गर्बर पुढे हजारो शाखा काढण्यासारखी व्यवस्था उभी करा म्हणतो. तुमच्यातल्या अनेकांना तसं काही नकोय, आणि त्यात कमीपणा नाही. पण आजारी पडता आलं पाहिजे, लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगला जाता आलं पाहिजे, एवढी व्यवस्था तर चाळीस डब्यांच्या धंद्यालाही हवी. चार कागद पुरतात: पदार्थांची मापं वजनात, ग्राहकांची यादी आवडी-निवडींसह, वाटपाचा मार्ग आणि उधारीची वही. भिंतीला टाचून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

मग सुरुवात कुठून?

चारही पुस्तकं एकदम मागवू नका. कपाटात ठेवलेलं पुस्तक काहीच करत नाही. तुमचा धंदा कुठे अडलाय ते बघा:

- अजून सुरू केला नसेल तर 'द मॉम टेस्ट'. या आठवड्यात पाच जणांशी बोला, तुमची कल्पना न सांगता.
- वस्तू चांगली आहे पण लोक बिचकतायत, तर 'यांत्रिकाची यात्रा'. नकार देणाऱ्या तिघांना कारण विचारा आणि लिहा: गरज नाही की भीती?
- विक्री आहे पण पैसा दिसत नाही, तर 'प्रॉफिट फर्स्ट'. आज रात्री कच्चा माल वजा करून खरा आकडा काढा आणि त्याचा १ टक्का बाजूला ठेवा.
- सगळं चाललंय पण तुम्ही थकलाय, तर 'द ई-मिथ रिव्हिजिटेड'. रविवारी चारपैकी एक कागद लिहून काढा.

वाचताना एक सवय लावा. प्रत्येक प्रकरण संपलं की समासात एकच वाक्य लिहा: "हे माझ्या धंद्यात सोमवारी कसं करणार?" वाक्य सुचलं नाही तर पुढचं पान उलटू नका, थोडं थांबा.

आणि यातलं एक जरी काम केलंत, तरी तुमचा आकडा मला लिहून कळवा. विक्रीचा नको, तो सगळेच सांगतात. कच्चा माल, पगार आणि उधारी वजा करून हातात राहिलेला आकडा सांगा. लहान असला तरी चालेल. पुढच्या महिन्यात तो किती बदलला, यावर आपण बोलू.